खानदेशातील एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेत सात महिने

खानदेशात राहून वैमानिकाचे शिक्षण घेता येते, यावर आमच्याकडच्या अनेकांचा अजूनही विश्वास बसत नाही. मी मात्र येथील एका संस्थेत सात महिन्यांपासून सेसना १७२ हे एका इंजिनाचे छोटे विमान चालवण्यास शिकत आहे. संस्थेची खरी जमेची बाजू म्हणजे शिस्त. प्रत्येक उड्डाणापूर्वी पंखाखालून थोडे इंधन पारदर्शक नळीत काढून उजेडाकडे धरावे लागते आणि त्या निळसर पेट्रोलच्या तळाशी पाण्याचा थेंब जरी दिसला, तरी तो पूर्ण निघून जाईपर्यंत आमचे कॅप्टनसाहेब किल्लीला हात लावू देत नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात हवा विरळ होऊन विमान धावपट्टीवर अधिक लांब धावते आणि वर गेल्यावर हेलकावेही खाते, म्हणून त्या दिवसांत उड्डाणे भल्या सकाळीच उरकली जातात. केळीच्या बागांवरून तापीचे पात्र ओळखीचे वाटू लागते, ते याच वेळी.

तक्रार एकच, पण मोठी आहे. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. प्रवेशाच्या वेळी दाखवलेल्या वेळापत्रकानुसार माझे ७० तास व्हायला हवे होते, प्रत्यक्षात ४१ झाले. पावसाचे समजू शकते, परंतु दोन विमाने दीड महिना हँगरमध्येच (विमाने ठेवण्याच्या शेडमध्ये) उभी होती, त्याचे काय? मेसमधील शेवभाजी उत्तम आहे, एवढ्यावर समाधान कसे मानावे! प्रवेशापूर्वी व्यावसायिक परवान्यासाठी लागणारी वर्ग १ची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी आणि उडण्यायोग्य विमाने किती आहेत, हे स्वतः हँगरमध्ये जाऊन मोजावे.