कोळंबी एक नंबर, पण चिमटा एकच

साडेतीन स्टार. पाच द्यायचे होते, दीड का कापला ते सांगतो, थोडं लांबण लागेल.

दुकानाचं नाव लिहीत नाही, माणूस चांगलाय, त्याच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये. सोलापुरात मासा म्हणजे उजनीचा, चिलापी, रोहू, कटला, ते कुठंही मिळतं. समुद्राचं खायचं तर कोकणातनं बर्फाच्या पेट्यात येतं त्यावरच भरवसा, आणि तो भरवसा इथं ठेवता येतो. बांगड्याचे कल्ले लालभडक, सुरमईचे तुकडे मागाल तेवढे जाड, कोळंबी सोलून काळा धागा काढून देतात, एक्स्ट्रा पैसे नाहीत. भाव चढा आहे पण चालतंय.

गडबड आहे ती संध्याकाळच्या तव्याची. दुकानाबाहेर रवा फ्राय लावतात, वास असला सुटतो की गाडी आपोआप थांबते. शेजारी परातीत मसाला लावलेली कच्ची कोळंबी, परातीखाली बर्फ, आणि एप्रिलमधल्या सोलापुरात तो बर्फ किती वेळ टिकणार, साडेसातला नुसतं पाणी. त्यात चिमटा एकच. त्यानंच कच्ची उचलायची, त्यानंच तळलेली ताटात वाढायची. मी विचारलं तर म्हणे, "कशाला घाबरलालाव ओ साहेब, तव्यावर सगळं मरतंय की!" तव्यावर मरतंय हे खरंच आहे, पण चिमटा कुठं तव्यावर बसलाय?

तरी खाल्लं, दोन प्लेटी. दुसऱ्या दिवशी दुपारपासनं जुलाब, पोटात मुरडा, दोन दिवस ओआरएस आणि मऊ भात. तपासणी काही केली नाही, त्यामुळं कोळंबीनंच झालं असं छातीठोक म्हणणार नाही, त्याच दिवशी गाड्यावरचं बर्फाचं पन्हं पण ढोसलं होतं.

माझी भाची मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करतीय, ती बघायला आली आणि तब्येत राहिली बाजूला. "मामा, कोळंबीच्या टरफलावर कोण राहतं माहितीय का?" म्हणलं कोण? तर व्हिब्रिओ. समुद्रातल्या जंतूंचं मोठं खानदान. त्यातला एक म्हणजे पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा. आपल्या जिल्ह्यात पंढरपूर, पूर्वी वारीच्या गर्दीत पटकीची साथ यायची, त्यामुळं पटकी हा शब्द आजीनं घेतला की आधी मरीआईला हात जोडायची. दुसरा व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस, कच्च्या-अर्धकच्च्या मासळीतनं पोट बिघडवणारा. तो पहिल्यांदा सापडला जपानमध्ये, १९५० साली ओसाकाला अर्धवट सुकवलेली बारीक मासळी खाऊन २७२ लोक आजारी पडले आणि २० गेले, तेव्हा. ऊब मिळाली की दहा मिनिटांच्या आत एकाचे दोन होतात म्हणे.

पण मला खिळवून ठेवलं ते पुढच्यानं. हे जंतू एकमेकांना भाल्यानं मारतात. थट्टा नाही. टाइप सिक्स सिक्रीशन सिस्टीम म्हणतात, पटकीच्या जंतूत २००६ ला सापडली. जंतूच्या आत एक लांब नळी, तिच्यावर म्यान, टोकाला अणकुचीदार प्रथिन आणि त्याला लावलेली विषं. म्यान एकदम आकसतं, सेकंदाच्या दोनशेव्या भागात, आणि नळी शेजाऱ्याच्या अंगात. एक विष त्याची भिंत विरघळवतं, दुसरं पडद्याला भोकं पाडतं, खेळ खलास. आमचे वडील कापडाच्या मागावर होते म्हणून मला आडवं सूत घेऊन धावणारा धोटाच आठवला, पण धोटा परत येतो, हा भाला गेला की गेला. म्यान मात्र मोडून त्याचेच तुकडे परत वापरायला घेतात, काटकसर बघा. सख्ख्या भावाकडं त्या विषाचा उतारा असतो, त्याला लागलं तरी काही होत नाही. चुलत्याकडं वेगळा उतारा असला की तो मेला. भाऊबंदकी समुद्रात पण सुटली नाही.

आणि टरफलावर बसल्यावर पटकीचा जंतू आणखी चेकाळतो. टरफलातल्या चिटिन नावाच्या कडक पदार्थामुळं भाले चालू होतात आणि मेलेल्या शेजाऱ्याचा सांडलेला डीएनए पण आत ओढून घेतो, म्हणजे मारायचं आणि वर त्याचं घर पण लुटायचं. हे २०१५ ला स्वित्झर्लंडमधल्या लोकांनी दाखवलं. पॅराहीमोलिटिकसकडं तर असल्या दोन सिस्टीम, त्यातली एक समुद्राएवढं मीठ आणि ३० डिग्रीच्या आसपास ऊब असली की जोरात चालते. ३० डिग्री! आपल्याकडं मे महिन्यात पहाटे पण ३० ला लोक चादर शोधतील.

म्हणलं म्हणजे मला भाला मारला का त्यानं? भाची हसली. "मामा, तुमचं पोट बिघडतं ते वेगळ्या विषानं, भाला शेजारच्या जंतूंसाठी." मग म्हणाली पटकीचा जंतू पोटात गेला की तिथल्या आपल्या रहिवासी जंतूंवर पण भाले टाकून जागा करतो, उंदराच्या पिल्लांत २०१८ ला बघितलंय. म्हणजे आपल्या आतड्यात जागेची मारामारी, आणि जुलाब भाडेकरूला नाही, घरमालकाला.

असो, दुकानाकडं येतो. थंडीनं हे जंतू मरत नाहीत, नुसते गप्प बसतात, म्हणून बर्फ विरघळला की धोका. नीट शिजवलं की मरतात, त्यामुळं मासळी आणा आणि घरी करा, त्याला माझे डोळे झाकून पाच स्टार. पिशवी मात्र बर्फासकट मागून घ्या, विसरतात. तव्यावरचं खायचं असेल तर तुमच्यासमोर तव्यात पडलेलं आणि वेगळ्या उलथन्यानं काढलेलं खा.

परवा परत गेलो होतो, न जाऊन सांगतो कुणाला. मालकाला भाल्याची सगळी स्टोरी ऐकवली, मागं रांग थांबलेली. आता चिमटे दोन झालेत, एकाला लाल दोरा बांधलाय. हात पुसायचा टॉवेल अजून एकच आहे.