मेट्रोजवळचं बॅट रिपेअरचं दुकान आणि सव्वाचार इंच

मुंबईत धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ स्पोर्ट्सची दुकानं आहेत ना, त्यातल्या एका छोट्याशा दुकानात बॅट रिपेअर करून घेतली, त्याबद्दल लिहितोय. भाच्याने ऑनलाइन मागवलेली इंग्लिश विलो लाकडाची बॅट, दिसायला एक नंबर, पण कोचनी गेजमध्ये, म्हणजे बॅटचं माप तपासायच्या चौकटीत घातली तर मध्येच अडकली. रुंदी जास्त. दोन दिवसांवर आझाद मैदानात मॅच आणि पोरगा रडवेला.

दुकानातल्या काकांनी आधी स्वतःचं गेज लावलं, कुठे अडकते तिथे पेन्सिलने खूण केली आणि मग रंधा. पातळसा पापुद्रा काढायचा, परत गेज, परत पापुद्रा, असं पाऊण तास चाललं. भाचा म्हणाला, "मामा, एवढ्याशाने काय होतं?" मग त्याला चर्ट्सीची गोष्ट सांगितली.

चर्ट्सी हे इंग्लंडमधल्या सरेतलं थेम्सकाठचं टाउन, अठराव्या शतकात तिथला क्लब एकदम तगडा. सप्टेंबर 1771 मध्ये हॅम्बल्डन या दुसऱ्या क्लबविरुद्ध मॅच होती आणि चर्ट्सीकडून थॉमस व्हाइट चक्क स्टंपांएवढी रुंद बॅट घेऊन उतरला, रुंदीचा नियमच नव्हता तेव्हा त्यामुळे अडवणार कोण. हॅम्बल्डन 1 रनने जिंकलं. तरी त्यांचा फास्ट बोलर थॉमस ब्रेट याने लेखी मागणी केली की बॅट सव्वाचार इंचच रुंद हवी, त्यावर रिचर्ड नायरेन आणि जॉन स्मॉल यांच्याही सह्या, आणि हा स्मॉल स्वतः बॅटी बनवायचा! जिंकल्यावरही हे केलं, मला तेच सगळ्यात भारी वाटतं. 1774 मध्ये ते नियमात आलं, हॅम्बल्डनवाल्यांनी तर बॅट मोजायला लोखंडी चौकटच करून घेतली. म्हणजे काकांच्या हातातलं गेजच की! आकडा आजही तोच.

चर्ट्सीचाच बोलर लम्पी स्टीव्हन्स, 1775 मध्ये त्याचा बॉल याच स्मॉलच्या दोन स्टंपांमधून तीनदा आरपार गेला, वरची बेल (गिल्ली) काही पडली नाही. मधला तिसरा स्टंप त्यानंतर आला.

तर काम अप्रतिम. रंध्यानंतर पॉलिश पेपर, तेलाचा हात, नवीन ग्रिप, सगळे मिळून सहाशे रुपये. बसायला जागा नाही आणि शनिवारी खूप गर्दी असते, म्हणून मधल्या वारी सकाळी जा. बॅट आता गेजमधून सरळ खाली येते, काकांनी भाच्यालाच करून बघायला लावलं.