ग्लो की पेट्रोल? मॉडेल बोटीच्या इंधनापुरती तुलना

रेडिओ कंट्रोलच्या बोटीसाठी ग्लो इंजिन (मिथेनॉलयुक्त इंधनावर चालणारे) घ्यावे की पेट्रोलचे, याची चर्चा बहुधा वेग आणि आवाज यांवरच होते. मी येथे फक्त इंधनाची बाजू पाहणार आहे. भंडारा जिल्ह्यात आमच्या गावच्या मालगुजारी तलावावर बोट मधोमध बंद पडली, तर ती परत आणण्यासाठी एखाद्या ढिवराचा डोंगा येईपर्यंत तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून राहावे लागते, आणि माझ्या बाबतीत असे बसण्याचे कारण बहुतेक वेळा इंधन इंजिनापर्यंत न पोहोचणे हेच होते. चार हंगाम मी ग्लो इंजिन वापरले. त्यानंतरचे तीन हंगाम २६ सीसीचे पेट्रोल इंजिन वापरत आहे.

ग्लो इंजिनाच्या साध्या कार्बुरेटरला स्वतःचा पंप नसतो. सायलेन्सरमधील दाब एका नळीने टाकीत आणला जातो आणि त्या दाबाने इंधन पुढे सरकते. ही रचना सुटसुटीत आहे. परंतु टाकीतील पातळी उतरू लागली की मिश्रण हळूहळू लीन होते, म्हणजे त्यात इंधन कमी आणि हवा जास्त होते, त्यामुळे टाकी कार्बुरेटरच्या सुईच्या (इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूच्या) उंचीला बसवणे आणि सुई थोडी रिच, म्हणजे इंधन जरा जास्त सोडणारी, ठेवणे भागच असते. सुई बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी इंधनाची नळी क्षणभर चिमटीत धरावी: इंजिनाचा वेग किंचित वाढून मग ते बंद पडू लागले तर ठीक, धरताक्षणी बंद पडले तर मिश्रण आधीच लीन आहे. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती एका दोषापासून, ज्याने माझा जवळजवळ अख्खा हिवाळा खाल्ला. काठावर भरलेल्या टाकीवर इंजिन उत्तम चालायचे, पाण्यात चार फेऱ्याही नीट व्हायच्या, आणि टाकी निम्म्यावर आली की बोट नेमकी तलावाच्या मध्यावर गप्प व्हायची. मी प्लग बदलला, सुई फिरवून पाहिली, बाहेरच्या सर्व नळ्या नव्या घातल्या, टाकी बादलीत बुडवून फुंकूनही पाहिली. एकही बुडबुडा आला नाही, आणि तो येणारही नव्हता, कारण छिद्र टाकीच्या आतल्या नळीला होते. क्लंकला (टाकीच्या तळाशी राहून इंधन ओढणाऱ्या वजनदार टोकाला) जोडलेली मऊ सिलिकॉन नळी ज्या पितळी नळीवर चढवलेली होती, तिची कापलेली कड धारदार राहिली होती आणि तिने आतून बारीक चीर पाडली होती. पातळी त्या चिरेखाली गेली की इंधनाऐवजी हवा ओढली जायची. बूच काढून, क्लंकचे तोंड अंगठ्याने बंद करून, बाहेरच्या टोकातून फुंकल्यावरच ती चीर हाताला लागली. कानशीने कड घासून नळी बदलल्यावर बोट सुधारली. पण दुसऱ्या हंगामात तोच प्रकार क्लंकच्या टोकाला झाला, तेव्हा माझा धीर सुटला.

पेट्रोल इंजिनालाही टाकीत नळी आणि क्लंक असतातच, हे मान्य केले पाहिजे. फरक पुढे आहे. त्याच्या कार्बुरेटरमधला डायफ्राम, म्हणजे लवचीक पडदा, क्रँककेसमधील दाबाच्या चढउतारावर हलतो आणि इंधन स्वतः ओढून घेतो, म्हणून टाकीला दाब लागत नाही आणि पातळीचा परिणाम मला तरी जाणवलेला नाही. शिवाय माझ्या कार्बुरेटरला हाताने दाबून इंधन ओढायचा प्रायमरचा फुगा आहे. निघण्यापूर्वी टाकी मुद्दाम तळापर्यंत उतरवून तो दाबला, की नळीतून हवा येते आहे का हे काठावरच दिसते, आणि डोंग्याची गरज उरत नाही.

याचा अर्थ पेट्रोल निर्दोष आहे असा नाही. पहिल्याच महिन्यात मी जुनी सिलिकॉन नळी त्याला जोडली आणि ती फुगून ढिली झाली. पेट्रोलसाठी वेगळीच नळी लागते. एकदा टाकीत हवा घेणारी नळी कुंभारमाशीने मातीने बुजवली होती. इंजिन काही मिनिटे चालून बंद पडायचे, झाकण उघडले की सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत शिरायची आणि ते पुन्हा चालू व्हायचे. हे लक्षण इतके स्पष्ट आहे की कारण शोधायला पाच मिनिटेही लागली नाहीत. डायफ्राम कडक होणे हा मात्र खरा त्रास आहे: इंजिन आयडलवर चालते आणि थ्रॉटल दिला की मरते. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला ओल लवकर धरते, म्हणून पावसाळ्यात बोट ठेवून देताना मी टाकी रिकामी करतो आणि इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालू देतो. तरीही डायफ्राम गेलाच, तेव्हा धान कापायचे कटर दुरुस्त करणाऱ्या तालुक्याच्या दुकानात जुना कार्बुरेटर दाखवून मला त्याला बसणारे किट मिळाले. ग्लोचे मिथेनॉलयुक्त इंधन मात्र बाहेरून मागवावे लागते, आणि डब्याचे झाकण नीट न लागल्यास तेही हवेतील ओल शोषते.

मे महिन्यातील उन्हात पेट्रोल इंजिन थांबवून लगेच पुन्हा सुरू करणे मला अनेकदा जमलेले नाही. बोटीचे झाकण उघडून दहा मिनिटे सावलीत ठेवली की ते ऐकते. ग्लो इंजिनाने असा हट्ट कधी केला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे. बोट लहान असेल तर पेट्रोल इंजिनाचे वजन तिला झेपतही नाही, आणि तेथे ग्लोच योग्य ठरावे. तशी बोट आपण घेणार असाल तर टाकीला बूच लावण्यापूर्वी पितळी नळीच्या कडेवरून एकदा नख फिरवून पाहावे. मोठ्या बोटीसाठी मला कोणी विचारले, तर मी पेट्रोलचेच नाव घेईन.