मुलातू अस्तात्के: पाच सुरांचा व्हायब्राफोन, आणि कुठली तबकडी आधी घ्यावी

इथिओपियाचे जाझ संगीतकार आणि व्हायब्राफोनवादक मुलातू अस्तात्के यांचं नाव ऐकून जो तो ‘इथिओपिक्स’ या इथिओपियन संगीताच्या संकलन-मालिकेचा चौथा खंड उघडतो. संकलन उत्तमच आहे: 1969 ते 1974 मधली चौदा वाद्यसंगीतं, ‘येकेर्मो सेव’ आणि ‘येगेल्ले तेझेता’सकट. पण व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) ऐकायचा म्हणून ते घेणाऱ्याची थोडी निराशा होते. तिथले मुलातू वादकापेक्षा संगीत संयोजक जास्त आहेत, आणि सुरावट बहुतेक वेळा सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटच्या ताब्यात असते. वाद्यासाठी घ्यायची तर 1972 ची ‘मुलातू ऑफ इथिओपिया’ घ्या. न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेली ही तबकडी सात तुकड्यांची, अर्ध्या तासाच्या आसपासची आहे.

माणसाचा प्रवास थोडक्यात: 1943 मध्ये जिम्मा इथे जन्म, शिक्षणासाठी वेल्स, मग लंडन, मग बॉस्टनचं बर्कली संगीत महाविद्यालय. 1966 मध्ये न्यूयॉर्कला ‘आफ्रो-लॅटिन सोल’चे दोन भाग काढले. कोंगा (हातांनी वाजवायचे उंच ढोल) आणि लॅटिन ठेका तेव्हापासून सोबत आहे. त्या दोन भागांत इथिओपिया अजून पाहुण्यासारखा येतो. 1972 च्या तबकडीत तो यजमान आहे.

मराठी कानाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल, आणि त्याला कारण आहे. इथिओपियात स्वरांच्या चौकटीला ‘केन्येत’ म्हणतात. त्यातल्या ‘तिझिता’चं (शब्दाचा अर्थ आठवण) एक रूप सा रे ग प ध, म्हणजे सरळ भूप रागाचे सूर. दुसऱ्या रूपात ग आणि ध कोमल: शिवरंजनीचा धैवत कोमल केला की झालं. ‘बाती’चं एक रूप धानीच्या सुरांचं आणि ‘अंबासेल’ गुणकलीच्या. ‘अंचिहोये’ मात्र परका: सा, कोमल रे, दोन्ही मध्यम आणि शुद्ध ध, पंचमच नाही. अर्थात सूर तेच म्हणून राग तोच असं नव्हे. एकाच सुरांचे भूप आणि देशकार वेगळे ओळखणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

या सुरांत आणि वाद्यात एक झगडा आहे, आणि ऐकण्यातली खरी गंमत तिथेच आहे. व्हायब्राफोनच्या पट्ट्या धातूच्या असतात. पेडल दाबलं की पट्ट्यांवरचा दाब उठतो आणि सूर कितीतरी वेळ रेंगाळतो. भूपासारख्या चौकटीत पेडल खुशाल दाबून ठेवा. शेजारचे कुठलेच दोन सूर अर्ध्या स्वराच्या अंतरावर नसल्याने सगळे एकमेकांत गोड मिसळतात. अंबासेलमध्ये हेच केलं तर सा आणि कोमल रे, प आणि कोमल ध एकमेकांवर घासतात आणि चिखल होतो. तिथे पेडल पटापट सोडावं लागतं, किंवा एक सूर वाजवतानाच आधीची पट्टी दुसऱ्या मॅलेटने (वाजवायच्या काठीने) दाबून गप्प करावी लागते. वादक कसलेला आहे की नाही हे वेगात कळत नाही, या गप्प करण्यात कळतं. मुलातू फार वेगाने वाजवतच नाहीत. थोडे सूर टाकून ते त्यांना विझू देतात.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, या वाद्यात नाही. पेटीवर घेतला जातो तोच आक्षेप इथेही लागू पडतो. मासिंको या गजाने वाजवायच्या, एकाच तारेच्या इथिओपियन वाद्याचा सरकता सूर इथे मिळणार नाही. मोटर सुरू केल्यावर जो कंप ऐकू येतो त्यात सूर हलत नाही. पट्ट्यांखालच्या नळ्यांच्या तोंडाशी चकत्या फिरतात, त्यामुळे आवाज फक्त लहानमोठा होतो.

साथीतही हाच संयम आहे. पाच सुरांच्या सुरावटीखाली बारा सुरांतून रचलेले जाझचे कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह) घालायचे म्हणजे धोका असतो. भूपाच्या चौकटीत म आणि नी ठासून भरले की भूप संपला. या तबकडीत बास बहुतेक वेळा एकच छोटी ओळ घोळवतो आणि वा-वा गिटार तालाला चिकटून राहते, त्यामुळे सुरावटीचा रंग टिकतो. ‘देवेल’ (अर्थ: घंटा) आधी ऐका. शेवटचा ‘चिफारा’ सर्वांत लांब आहे, तो मात्र जरा सैल वाटतो.

आता घेण्याबद्दल. स्ट्रट कंपनीने 2017 मध्ये ही तबकडी पुन्हा काढली, आणि विस्तारित आवृत्तीत मोनो मिश्रणही आहे. एकाच ब्लूटूथ स्पीकरवर ऐकणार असाल तर मोनोच लावा; स्टिरिओची डावी-उजवी मांडणी तिथे वायाच जाते. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. व्हायब्राफोन साधारण 175 ते 1400 हर्ट्झमध्ये असल्याने तो ऐकू येईल, पण बास गिटारच्या खालच्या तारेचे 41 हर्ट्झ तो स्पीकर देऊच शकत नाही, आणि बास गेला तर या संगीताखालची जमीनच गेली. अॅपवर शोधताना आडनावाची दोन स्पेलिंग टाकून पाहा: फ्रेंच प्रकाशनांवर शेवटच्या ‘के’साठी ‘क्यू’ असतो.

क्रार (तारा छेडून वाजवायचं वाद्य), मासिंको यांसारखी इथिओपियन वाद्यं व्हायब्राफोनशेजारी ऐकायची असतील तर 2013 ची ‘स्केचेस ऑफ इथिओपिया’ घ्या. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, पण 1972 चा तो खरखरीत गिटारचा आवाज तिथे नाही.