पॅनिंगचं एक दिवसाचं वर्कशॉप: सकाळ वाया, दुपार वसूल

दोन वर्षं मी पॅनिंग (पळत्या गोष्टीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढायचा, ती शार्प येते आणि मागचं सगळं रेघांसारखं ओढलं जातं) आपलं आपणच शिकत होते, म्हणजे व्हिडिओ बघायचे, रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि घरी येऊन सगळे फोटो डिलीट मारायचे. शेवटी वैतागून एक दिवसाचं वर्कशॉप केलं. कुणाचं ते लिहीत नाही, कारण तक्रारी पण करायच्यात.

सकाळचे तीन तास नुसत्या स्लाइड्स. ॲपर्चर (प्रकाश आत येतो ते लेन्समधलं भोक) म्हणजे काय, आयएसओ (प्रकाश टिपायची संवेदनशीलता) म्हणजे काय... अहो, पॅनिंग शिकायला आलेल्याला एवढं येतच असतं ना. कामाचं होतं ते दहा मिनिटांचं: शटर प्रायॉरिटी लावा (शटरचा वेग आपण ठरवायचा, ॲपर्चर कॅमेरा बघतो), म्हणजे डायलवर कॅननला Tv, निकॉनला S, फोकस कंटिन्युअसवर (सायकलीच्या मागे सतत फिरणारा), बर्स्ट (एकामागून एक फोटो) चालू. झालं.

दुपारी मात्र पैसे वसूल. सायकलवाले येत-जात होते आणि सरांनी पहिला अर्धा तास शटरला बोटच लावू दिलं नाही, नुसतं व्ह्यूफाइंडरमधून बघत सायकल फ्रेममध्ये एकाच जागी धरून ठेवायची. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. मग कळलं मी काय घोळ घालत होते. मी पाय सायकल येते त्या दिशेला करून उभी राहायचे, त्यामुळे ती ऐन समोर आली की कंबर अडकायची आणि हाताला झटका बसायचा. पाय ठेवायचे फोटो जिथे काढायचाय तिकडे, आणि सायकल येताना कमरेतून मागे वळायचं, मग ती समोर येईपर्यंत अंग आपसूक सरळ होत येतं. कोपरं पोटाशी. आणि क्लिक झालं तरी फिरणं थांबवायचं नाही, बॉलला बॅट लागली म्हणून कुणी बॅट हवेत तिथल्या तिथे थांबवतं का, तसंच.

मग शटर १/१२५ सेकंदापासून सुरू करून १/६०, १/३० असं खाली उतरलो. १/१२५ ला माझे निम्मे फोटो शार्प आले पण सायकल स्टँडवर लावल्यासारखी दिसते, बॅकग्राउंड फारसं ओढलं जातच नाही. १/३० ला रेघा मस्त, पण ऐंशीएक फोटोंत तीन धड. सर म्हणाले तीन चांगले आहेत, पहिल्या दिवशी. सायकल आपल्याला समांतर जात असेल तेव्हाच दाबायचं हेही तेव्हाच समजलं, तिरकी आली की चेहरा शार्प आणि मागचं चाक गायब.

आता मोठी तक्रार. कडक उन्हात आयएसओ १०० ला १/३० ठेवलं की एफ/२२ (आकडा मोठा तितकं भोक बारीक) सुद्धा पुरत नाही. माझी लेन्स २२ लाच थांबते, म्हणून फोटो पांढरट, वर इतक्या बारीक ॲपर्चरला सेन्सरवरची धूळ ठिपक्याठिपक्यांनी दिसायला लागते. एनडी ८ फिल्टर (लेन्सपुढे लावायची, प्रकाश कमी करणारी काळसर काच) असता तर एफ/१० ला आरामात जमलं असतं. आधी सामानाची यादी पाठवली होती, तिच्यात टोपी होती, पाण्याची बाटली होती, एनडी नाही! लेन्सच्या स्टॅबिलायझरबद्दलही (हाताची थरथर सावरणारी सोय) सर अवाक्षर बोलले नाहीत, ते मला शेजारच्या मुलाने सांगितलं, की मोड २ वर टाक, म्हणजे लेन्स फक्त वर-खालची थरथर सावरते आणि आडव्या फिरण्याला आडवी येत नाही. सगळ्या लेन्सना ते बटण नसतं, काही स्वतःच ओळखतात, पण सांगायला काय जातंय.

जागा ठीक होती, मागे दाट झाडं, त्यांच्यामुळे रेघा छान येतात. एका कोपऱ्यात मागे मोकळं आकाश होतं, तिथे काढलेले सगळे फुकट, कारण साध्या आकाशात ओढायला काही नसतंच.

कॅमेरा नवीन असेल तर लगेच जाऊ नका, दमछाक होईल. माझ्यासारखं घरी डोकं आपटून झालं असेल तर जा, पण फी भरायच्या आधी प्रत्यक्ष रस्त्यावर किती तास ते विचारून घ्या, आणि एनडी स्वतःचा न्या. माझ्या त्या तिनांपैकी एकात हँडल कडक शार्प आहे आणि चेहरा नाहीये, तरी ठेवलाय.