श्वास रोखायचा की घेत राहायचा? प्रोटॉन उपचाराआधी ठरवताना

फुप्फुसातली किंवा यकृतातली गाठ श्वासाबरोबर वरखाली होते. फुप्फुसाच्या वरच्या टोकाला थोडी, श्वासपटलाजवळ बरीच, कधी सेंटीमीटरहूनही जास्त. कर्करोगाच्या गाठीवर क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन या सूक्ष्म कणांचा झोत सोडतात, तो प्रोटॉन उपचार. क्ष-किरणांनाही या हालचालीची अडचण होते, पण प्रोटॉनला ती अधिक जाचते. प्रोटॉन किती खोल जाऊन थांबेल हे वाटेत काय लागतं यावर ठरतं. गाठ सरकून तिथे हवेनं भरलेलं फुप्फुस आलं, तर तो पलीकडे निघून जातो. त्यात बारीक झोत गाठीवर थराथरानं, ठिपक्याठिपक्यानं फिरवतात. झोताचं फिरणं आणि गाठीचं हलणं यांचा मेळ चुकला तर कुठे डोस जास्त पडतो, कुठे कमी.

दीर्घ श्वास रोखण्याची पद्धत कागदावर सर्वांत सरस आहे. गाठ जवळजवळ स्थिर राहते, फुगलेल्या फुप्फुसाचा कमी भाग झोतात येतो आणि डाव्या स्तनाच्या उपचारात हृदय छातीच्या भिंतीपासून दूर जातं. पण वीसेक सेकंद श्वास धरायचा, दर वेळी तेवढाच भरायचा, एका बैठकीत अनेकदा आणि असं कित्येक आठवडे. जुना दमा, खोकला किंवा वर्षानुवर्षांची विडी-सिगारेट असेल तर हे झेपेलच असं नाही. थकलेला माणूस शेवटच्या खेपांना नकळत कमी श्वास भरतो, आणि मुख्य फायदा तिथेच निसटतो. म्हणून तुम्हाला जमतंय का हे सरावाच्या दिवशी बघूनच ठरवा, दबावाखाली नको. सूचना मराठीत हव्या असतील तर तसं स्पष्ट सांगा.

गेटिंग नावाच्या दुसऱ्या पद्धतीत श्वास नेहमीसारखा चालू राहतो. श्वास सोडल्यानंतरच्या निवांत क्षणापुरताच झोत सुरू होतो. दम कमी असणाऱ्यांना मी हीच पद्धत सुचवेन. टेबलावर वेळ मात्र जास्त जातो. श्वास कळावा म्हणून पोटावर ठेवलेली खूण आणि आतली गाठ नेहमी सारखीच हलते असंही नाही. जपानच्या होक्काइदो विद्यापीठात गाठीजवळ सोन्याची बारीक खूण बसवून क्ष-किरणांनी तिच्यावर नजर ठेवतात. अचूक आहे, पण फुप्फुसात खूण बसवताना हवा बाहेर निसटण्याचा धोका असतो.

पोटावर दाब देऊन श्वासाची हालचाल कमी करणारा पट्टा यकृताच्या गाठीला उपयोगी पडतो, पण पोटाची ताजी शस्त्रक्रिया झालेल्याला तो सोसवत नाही.

आणि काहीच न रोखता? अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेनं 2006 साली 5 मिलिमीटरची रेघ सुचवली. हालचाल त्याहून जास्त असेल तर उपाय करा. त्याच्या आत असेल तर हालचालीची जागा धरून आखणी करतात आणि तोच थर पुन्हापुन्हा रंगवल्यासारखा देतात, म्हणजे चुका सरासरीत विरतात. ‘मला श्वास रोखायला सांगितलंच नाही’ म्हणून घाबरू नका.

तेव्हा खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा स्मारकच्या केंद्रात, प्रोटॉन उपचाराला जा किंवा चेन्नईला, पहिला प्रश्न हा विचारा: फोर-डी सीटीत, म्हणजे श्वासाबरोबरची हालचाल टिपणाऱ्या स्कॅनमध्ये, गाठ किती मिलिमीटर हलली? दुसरा: मधल्या आठवड्यात पुन्हा स्कॅन होणार का? गाठ आक्रसली की आधीचं गणित बदलतं. श्वास रोखायचा ठरला, तर घरी हात डोक्यावर घेऊन आडवं पडून सराव करा, कारण टेबलावरही बहुधा तसंच पडायचं असतं.