इंदूरच्या उकाड्यात गुलमर्गच्या थंडीची रायफल

माझा भाचा बायथलॉन करतो. म्हणजे काय असं सगळेच विचारतात, तर स्कीवर पळायचं आणि मध्येच थांबून ५० मीटरवरच्या टार्गेटवर पाच गोळ्या मारायच्या, झोपून मारताना ४५ मिलिमीटरच्या गोलात बसायला पाहिजे आणि उभ्याने ११५च्या, आणि हे सगळं छाती धपापत असताना. इंदूरच्या पोराला हे कुठून सुचलं विचारू नका, महूला फौजी लोकांच्या शेजारी वाढला, आणखी काय होणार.

रायफल त्याची स्वतःची, परवाना त्याच्याच नावावर, पॉइंट टू टू बोअरची, साधी बोल्टवाली, म्हणजे दर गोळीला मागची खिट्टी हाताने फिरवून ओढायची. ती जर्मनीची आन्शुट्झ असते ना, फॉर्टनर बोल्टची, बोटाने सरळ मागे ओढली की झालं, ती आपल्या खिशात बसत नाही. म्हणून जुन्याच रायफलला बर्फासाठी नवा स्टॉक, म्हणजे नळी ज्यात बसते तो लाकडी सांगाडा, बसवून बाकीचं पण करून घ्यायचं ठरलं, इंदूरमधल्याच एका परवानेवाल्या वर्कशॉपमध्ये. नाव देत नाही कारण अर्धं कौतुक आहे अर्धी तक्रार.

आधी कौतुक. तिथले काका लाकडाचे उस्ताद आहेत भिया. एकसंध लाकूड ओलाव्याने फुगतं-वाकतं आणि नळीवर दाब आला की नेम सरकतो, म्हणून त्यांनी स्वतःहून पातळ थर चिकटवलेलं लाकूड घेतलं आणि स्क्रूच्या जागी आत अॅल्युमिनियमच्या नळ्या बसवून भोवती इपॉक्सी भरलं. माप घेताना भाच्याला ऑक्टोबरच्या उकाड्यात जाड ग्लोव्ह्ज आणि जॅकेट घालून तासभर उभा केला, पोरगा घामाने निथळत होता आणि काका शांतपणे पेन्सिलने खुणा करतायत. पण त्यामुळे ट्रिगरगार्डमधून ग्लोव्ह्जवालं बोट आरामात जातं, बोल्टची मूठ मोठी झाली, आणि पाठीवरचे पट्टे बरोब्बर बसले. चार मॅगझिन स्टॉकमध्येच बसतात. नियमाने साडेतीन किलोच्या खाली चालत नाही, पण त्याच्या वरचा एकेक ग्रॅम पाठीवर वाहायचा असतो म्हणून काकांनी आतून लाकूड इतकं कोरलंय की हातात घेतल्यावर हसू येतं.

आता गंमत. काम झालं म्हणून दिली तेव्हा बोल्ट लोण्यासारखा फिरत होता, कारण वर्कशॉपच्या पोराने नेहमीचं तेल भरपूर चोपडलं होतं. भाचा म्हणाला, मामा इथे ३० डिग्री आहे, तिथे गुलमर्गला काय होईल? मग काकांच्या परवानगीने फक्त बोल्ट पिशवीत गुंडाळून, भाचा सोबत, छप्पन दुकान बाजाराजवळच्या ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये रात्रभर. तो उणे १८ला चालतो, आणि बायथलॉनची रेस उणे २०च्या खाली हवा गेली तर सुरूच करत नाहीत, म्हणजे परीक्षा जवळपास खरी. सकाळी काढला तर गोळीवर आपटणारी पिन आतल्या आत रुतलेली, साजूक तूप थिजतं ना तसं तेल. रेंजवर हे झालं असतं तर पिन हळू पडली असती, गोळी फुटली नसती, आणि पोरगा बर्फात झोपून नुसता टकटक करत बसला असता.

काकांना दाखवलं तर अर्धा मिनिट गप्प. मग सगळं खोलून स्पिरिटने पुसून कोरडं केलं आणि थंडीत न थिजणाऱ्या पातळ तेलाचा जेमतेम हात फिरवला. दुसऱ्या रात्री परत फ्रीझर, या वेळी पिन खट्ट! एक सांगतो, गार वस्तू बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, धातूवर आपल्या हवेतलं पाणी जमतं आणि तेच परत गारठलं की बर्फ. आम्ही पहिल्यांदा उघडली होती, बोल्ट आंघोळ करून आल्यासारखा दिसत होता.

तक्रारी दोन. दसऱ्याला देतो म्हणाले, दसऱ्याला गेलो तर शस्त्रपूजा चाललीय, सगळ्या बंदुकांना झेंडूच्या माळा आणि आमचा स्टॉक कोपऱ्यात अर्धवट कोरलेला. मिळाली दिवाळीनंतर. दुसरी जास्त गंभीर, गाल टेकवायच्या पट्टीचा लोखंडी स्क्रू उघडाच ठेवलाय, तोही अगदी गालाखाली. उणे पंधराला घामेजलेला गाल उघड्या लोखंडाला लागला की चिकटतो, हे काकांच्या डोक्यातच आलं नाही, इंदूरमध्ये कोणाच्या येणार म्हणा. नळीच्या तोंडाला आणि दोन्ही साइटला बर्फ जाऊ नये म्हणून झाकणं पाहिजेत, तीही आम्हीच आठवण केल्यावर लागली.

पैसे ४२ हजार, स्टॉक आणि सगळी फिटिंग धरून. मी पाचपैकी साडेतीन देतो, ताई चार देते कारण काकांनी तिला चहा पाजला. सध्या त्या स्क्रूवर तिनेच जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय, आणि परवा काकांनी तो बोटाने दाबून बघितला आणि विचारलं, ट्यूब कुठली आहे हो ही?